जबलपूरचा धडा आणि चिपची पाळत

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाने जबलपूर शहराचे नाव देशाच्या घटनात्मक इतिहासात कायमचे नोंदले गेले. 'अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल' या नावाने तो खटला ओळखला जातो. आणीबाणीत 'मिसा' कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्या नागरिकास आपली अटक बेकायदा आहे असे न्यायालयापुढे म्हणता येईल काय, बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येईल काय, एवढाच प्रश्न होता. मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयासह नऊ उच्च न्यायालयांनी त्याचे उत्तर 'होय' असे दिले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी ते 'नाही' असे फिरवले. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि पुढे त्यांचे सरन्यायाधीशपद हिरावले गेले. पोलिसाने एखाद्याचा बेकायदा जीव घेतला तरी आणीबाणी असेतोवर दाद मागता येणार नाही, इथपर्यंत सरकारी पक्षाचा युक्तिवाद त्या सुनावणीत पोहोचला होता.

आणीबाणीच्या मूल्यमापनावरून डाव्या चळवळीत त्या काळी तीव्र मतभेद होते, हे सर्वज्ञात आहे. परंतु जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क ही राज्यसंस्थेने दिलेली आणि तिने परत घ्यावी अशी देणगी नव्हे, याविषयी आज दुमत राहिलेले नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवून रद्दबातल केला. १९७६ च्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल पुसणारे निकालपत्र त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. आणि हा २०१७ चा खटला होता खासगीपणाच्या हक्काचा. जबलपूरचा निकाल ज्या दिवशी गाडला गेला, त्याच दिवशी खासगीपण हा मूलभूत हक्क म्हणून मान्य झाला, याला केवळ योगायोग म्हणता येणार नाही. माणसाचे शरीर कोंडून ठेवणारी सत्ता आणि त्याच्या आयुष्याची नोंद आपल्या ताब्यात ठेवणारी सत्ता यांचे मूळ एकच आहे.

निकाल कागदावर बदलला. मात्र मधल्या चाळीस वर्षांत सत्तेच्या हातातील हत्यार त्याहून कितीतरी अधिक बदलले. या बदलाचे स्वरूप नीट समजून घेतल्याशिवाय कामगार चळवळीला आपले संरक्षण करता येणार नाही.

आणीबाणीत मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध व अटक झालेल्यांची संख्या शहा आयोगाच्या नोंदीनुसार १,१०,८०६ होती. या प्रत्येक नावामागे सरकारी यंत्रणेचे मानवी श्रम होते. साध्या वेशातील पोलिसाने सभेत बसून टिपणे घ्यायची, ठाण्यात अहवाल लिहायचा, कारकुनाने तो टंकलिखित करायचा, फाईल जिल्हा कचेरीत जायची आणि दंडाधिकाऱ्याने सही करायची. एका कार्यकर्त्यावर अहोरात्र पाळत ठेवायची तर निदान तीन-चार माणसे गुंतत. त्यामुळे सर्वांवर पाळत ठेवणे कोणत्याही सरकारला परवडणारे नव्हते. दडपशाहीला तिच्या खर्चाने घातलेली ही मर्यादा होती. ती मर्यादा मायक्रोप्रोसेसरने मोडून काढली.

'मिसा' कायदा १९७१ सालचा. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील इंटेल कंपनीने '४००४' ही चिप बाजारात आणली. एका जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी ती तयार झाली होती. नखाहून लहान अशा सिलिकॉनच्या तुकड्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर बसवून संगणकाचा गणन करणारा भाग प्रथमच एका चिपवर विक्रीस आला. आज महागड्या फोनमधील एका चिपवर हजार कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर असतात. गणनाची किंमत इतकी उतरली की घड्याळ, वीजमीटर, रस्त्यावरचा कॅमेरा, हजेरीचे यंत्र, रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र अशा प्रत्येक वस्तूत प्रोसेसर बसला. प्रोसेसर काम करू लागला की नोंद आपोआप तयार होते. फोन चालू ठेवायचा तर जवळच्या टॉवरशी तो सतत संपर्क ठेवणारच आणि दूरसंचार कंपनीकडे त्याची नोंद उरणारच. पूर्वी नोंद करण्यास खर्च येई, आज नोंद पुसण्यास खर्च येतो. पाळत हे वेगळे काम उरलेले नाही. रोजच्या व्यवहाराचे ते उपउत्पादन झाले आहे.

'यंत्र तटस्थ असते, वापरणारा चांगला किंवा वाईट असतो' असे उत्तर यावर ठरलेले आहे. त्यात अर्धेच सत्य आहे. चिपचा आराखडा कोणाच्या हितासाठी आखला जातो, हा प्रश्न त्या उत्तरात दडपला जातो. १९९९ साली इंटेलने पेंटियम-३ या प्रोसेसरच्या प्रत्येक नगावर संगणकप्रणालीला वाचता येईल असा स्वतंत्र क्रमांक कोरला. त्याच्या आधारे संगणक वापरणाऱ्या माणसाचा माग सर्वत्र काढता आला असता. नागरिकांच्या संघटनांनी बहिष्काराची हाक दिली आणि पुढील पिढीच्या प्रोसेसरमधून कंपनीला तो क्रमांक काढावा लागला. संघटित दबावापुढे बलाढ्य मक्तेदारीही नमते, हा त्या लढ्याचा धडा होय. पण भांडवल माघार घेते ते दुसऱ्या वाटेने परतण्यासाठी. २००८ च्या सुमारापासून त्याच कंपनीच्या बहुसंख्य संगणकांत मुख्य प्रोसेसरच्या बरोबरीने एक छोटा, स्वतंत्र प्रोसेसर बसू लागला. वापरणाऱ्याला तो दिसत नाही आणि त्याची प्रणाली तपासता येत नाही. त्यावर आधारलेल्या दूरनियंत्रण सोयीत अनेक वर्षे राहिलेली गंभीर त्रुटी मे २०१७ मध्ये उघड झाली.

जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' व 'स्पेक्टर' या नावाने जाहीर झालेले दोष याहून बोलके आहेत. वेग वाढावा म्हणून प्रोसेसर पुढची आज्ञा कोणती येईल याचा अंदाज बांधून ती आधीच करून टाकतो. अंदाज चुकला तर केलेले काम टाकून दिले जाते, पण त्याच्या खुणा चिपच्या तात्पुरत्या स्मृतीत उरतात आणि त्यांवरून दुसऱ्याचे गुपित वाचता येते. दोन दशकांहून अधिक काळ जगातील बहुतेक प्रोसेसर या पद्धतीने बनत राहिले. असे का घडले? स्पर्धेच्या बाजारात वेग विकला जातो. सुरक्षितता डोळ्यांना दिसत नाही म्हणून विकली जात नाही. विनिमयमूल्यासाठी उत्पादन करणाऱ्या व्यवस्थेचा हा स्वाभाविक परिणाम आहे.

आता पुन्हा जबलपूरकडे वळू. हे शहर न्यायालयाइतकेच कामगारांचे आहे. १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची आयुध निर्माणी, व्हेईकल फॅक्टरी, ग्रे आयर्न फाउंड्री या कारखान्यांनी तेथे कामगारांच्या पिढ्या घडवल्या. संरक्षण उत्पादनाचे कंपनीकरण करण्याचा निर्णय झाला तेव्हा या कामगारांच्या महासंघांनी देशभर बेमुदत संपाची तयारी केली. त्यावर सरकारने ३० जून २०२१ रोजी वटहुकूम काढला आणि त्यापाठोपाठ कायदा करून संरक्षण सेवांतील संपावर बंदी आणली. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातील ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. पूर्वी अशा कामगारांच्या सभेची बातमी काढायची तर सभेत माणूस पाठवावा लागे. आज त्या वेळी त्या परिसरात कोणाचे फोन होते याची यादी टॉवरच्या नोंदीतून काढता येते. कोणी कोणाला किती वेळा फोन केला यावरून संघटनेचा कणा कोण, हे एकही शब्द न ऐकता समजते. जानेवारी २०१६ मध्ये 'स्मार्ट सिटी' योजनेच्या पहिल्या वीस शहरांत जबलपूरची निवड झाली. कॅमेरे आणि एकत्रित नियंत्रण कक्ष हा या योजनेचा गाभाच होता. वाहतूक सुरळीत करणारा कॅमेरा मोर्चातील चेहरेही टिपतो. तो काय टिपतो आणि किती दिवस जपून ठेवतो, हे ठरवताना शहरातील कामगाराला कोणी विचारले?

या शहरात आणि त्याच्या परिसरात विडी वळणाऱ्या श्रमिकांचीही मोठी वस्ती आहे. ज्यांच्या बोटांवरील रेषा वर्षानुवर्षांच्या कामाने झिजल्या, त्यांच्याच बोटांचे ठसे रेशनच्या यंत्रावर जुळत नाहीत. पाळतीला ते पुरेसे दिसतात, धान्याला मात्र ओळखू येत नाहीत. वर्गीय समाजात यंत्राचे डोळे असे दुहेरी असतात.

महाराष्ट्रातील अनुभव याहून निराळा नाही. नागपूर महानगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटावर काही वर्षांपूर्वी उपग्रहाद्वारे ठिकाण सांगणारी घड्याळे बांधण्यात आली. कामगार आखलेल्या हद्दीत आहे की नाही हे कचेरीतील पडद्यावर दिसू लागले. हातमोजे, गमबूट आणि कायम नोकरी मागणाऱ्याला घड्याळ मिळाले. अंगणवाडी सेविकांना नोंदींसाठी फोन देण्यात आले. ते निकृष्ट निघाले, 'पोषण ट्रॅकर' ॲप इंग्रजीत होते, आणि बिघाडाचा भुर्दंड सेविकांच्याच माथी येऊ लागला. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील सेविकांनी हजारोंच्या संख्येने ते फोन शासनाला परत केले. या भगिनींना संगणकाचे वावडे नव्हते. यंत्र कोणत्या भाषेत बोलेल, कोणाच्या खर्चाने चालेल आणि कोणाचा हिशेब ठेवील, हे ठरवण्याचा अधिकार त्या मागत होत्या. मायक्रोप्रोसेसरच्या युगातील कामगार लढ्याचे हे एक आदर्श उदाहरण आहे.

कायदा अशा श्रमिकाच्या बाजूने उभा आहे काय? २०१७ च्या निकालानुसार खासगीपणावर बंधन घालायचे तर कायद्याचा आधार, न्याय्य हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच उपाय, या कसोट्या आवश्यक आहेत. त्यानंतर घडले ते असे. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने दहा सरकारी यंत्रणांना कोणत्याही संगणकातील माहिती मिळवण्याचे व तिचे संकेत उलगडण्याचे अधिकार देण्यात आले. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्याने अटक झालेल्यांबरोबरच प्रतिबंधक स्थानबद्धांच्याही बुबुळांची व ठशांची मापे घेण्याची आणि ती ७५ वर्षांपर्यंत जपण्याची सोय केली. ज्या स्थानबद्धतेवरून जबलपूरचा खटला उभा राहिला, तीच आता माणसाच्या शरीराची आयुष्यभराची नोंद ठेवण्यास निमित्त ठरते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेस अधिसूचनेद्वारे सूट देण्याचा अधिकार दिला. त्याच कायद्याने रोजगाराच्या प्रयोजनासाठी मालकास कामगाराची माहिती त्याच्या संमतीविना वापरण्याची मुभा दिली आणि माहिती अधिकार कायद्यातील तरतूद बदलून अधिकाऱ्यांची माहिती लोकांपासून झाकण्यास वाट करून दिली. म्हणजे नागरिक पारदर्शक आणि राज्यसंस्था अपारदर्शक! खासगीपणाच्या नावाने काढलेल्या कायद्यात खासगीपण कोणाला मिळाले, हे यावरून स्पष्ट होते.

कायद्याच्या बाहेरचा कारभार तर याहून भयंकर आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने उघड केले की इस्रायली 'पेगासस' हेरप्रणालीने जगभरातील सुमारे १,४०० वापरकर्त्यांना लक्ष्य करण्यात आले होते. त्यांत भारतातील वकील, पत्रकार आणि भीमा-कोरेगाव खटल्याशी संबंधित कार्यकर्ते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीला तपासलेल्या २९ पैकी पाच फोनमध्ये घातक प्रणाली आढळली. ती पेगाससच होती असा निष्कर्ष समितीने काढला नाही. मात्र सरकारने चौकशीत सहकार्य केले नाही, हे न्यायालयात सांगितले गेले. भीमा-कोरेगाव खटल्यातील एका आरोपीच्या संगणकात बाहेरून कागदपत्रे पेरली गेली होती, असे बचाव पक्षाच्या विनंतीवरून तपासणी करणाऱ्या आर्सेनल या अमेरिकी संस्थेच्या २०२१ च्या अहवालात नमूद आहे. तपासयंत्रणेने ते मान्य केलेले नाही. पण असे करणे शक्य आहे, एवढ्यावरूनच प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी यावे. वाचता येणारा संगणक लिहिताही येतो. पाळतीपासून पुराव्यापर्यंतचे अंतर चिपने मिटवले आहे.

'लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची?' असा प्रश्न केला जातो. तो प्रश्न करणाऱ्याने आधी निवडणुकीतील मतदान गुप्त का असते, हे सांगावे. आपल्या काही साथींनाही खासगीपण ही मध्यमवर्गीय व्यक्तिवादाची चैन वाटते. त्यांनी चळवळीचा इतिहास आठवावा. १९२४ चा कानपूर कट खटला आणि १९२९ मध्ये सुरू झालेला मीरत खटला उभा राहिला तो मोठ्या प्रमाणावर टपालात फोडलेल्या पत्रांच्या आधारे. मुंबईच्या गिरणी कामगारांचे डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर यांसारखे पुढारी त्या पत्रांच्या गठ्ठ्यांसह आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. युनियनची सभासद यादी, संपनिधीचे देणगीदार, नव्याने जवळ येणारा कंत्राटी कामगार या सर्वांचे रक्षण गुप्ततेनेच होते. धनिकाला खासगीपण भिंती, वकील आणि पैसा देतो. कष्टकऱ्याला ते संघटनेतूनच मिळते. म्हणून खासगीपणाचा हक्क हा संघटनेच्या हक्काचाच भाग आहे.

याचा अर्थ कामगार वर्ग यंत्राचा शत्रू आहे असा नव्हे. संगणकाने हिशेब, वैद्यक, रेल्वे, हवामान या क्षेत्रांत माणसाचे श्रम हलके केले आहेत आणि ही समाजाची संपत्ती आहे. प्रश्न मालकीचा व नियंत्रणाचा आहे. सार्वजनिक क्षेत्रात चिप बनवण्याचे स्वप्न या देशानेही पाहिले होते. १९७६ साली स्थापन झालेल्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने मोहाली येथे १९८० च्या दशकात उत्पादन सुरू केले. फेब्रुवारी १९८९ मध्ये तो कारखाना आगीत जळाला आणि त्यानंतर उदारीकरणाच्या काळात त्यास पूर्वीचे बळ मिळाले नाही. आज गुजरातेतील साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाच्या २२,५१६ कोटी रुपयांच्या खर्चापैकी सुमारे ७० टक्के वाटा केंद्र व राज्य सरकार उचलतात. मालकी मात्र अमेरिकी कंपनीची, आणि काम जुळणी व चाचणीचे. सार्वजनिक पैसा, खासगी नफा आणि चिपच्या आत काय आहे हे पाहण्याचा अधिकार कोणालाच नाही, ही आत्मनिर्भरता नव्हे.

या बाबतीत भारतीय कामगार चळवळीपाशी आपला एक मोलाचा अनुभव आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बँक व्यवस्थापनांशी यांत्रिकीकरणाचा करार केला. मायक्रोप्रोसेसरवर चालणारी खातेवहीची यंत्रे त्या सुमारास बँकांत येऊ घातली होती. यंत्र किती, कोठे, कोणत्या कामासाठी आणि त्याचा नोकरीवर परिणाम काय, हे मालकाने एकट्याने ठरवायचे नाही, ते वाटाघाटीच्या टेबलावर ठरेल, हे तत्त्व त्या कराराने प्रस्थापित केले. त्या वेळी प्रश्न नोकऱ्यांचा होता. आज त्या तत्त्वाचा विस्तार माहितीपर्यंत केला पाहिजे.

म्हणून प्रत्येक कामगार करारात पुढील मागण्या आल्या पाहिजेत. कारखान्यात वा कचेरीत बसणारे हजेरी यंत्र, कॅमेरा, ॲप वा घड्याळ युनियनशी वाटाघाट केल्याशिवाय बसवू नये. ते काय नोंदते, कोठे साठवते, किती दिवसांनी पुसते, हे कामगाराच्या भाषेत लेखी द्यावे. कामाच्या वेळेबाहेरची आणि संघटनेच्या कामाची कोणतीही नोंद ठेवू नये. यंत्राच्या नोंदीवरून शिक्षा वा वेतनकपात करण्यापूर्वी ती नोंद कामगाराला दाखवावी आणि तिला आव्हान देण्याची संधी मिळावी. राज्याच्या पातळीवर, फोन व संगणकावरील पाळतीस न्यायालयाची पूर्वपरवानगी अनिवार्य करावी, सरकारी यंत्रणांना दिलेली घाऊक सूट रद्द करावी, आणि सार्वजनिक पैशाने घेतलेल्या यंत्रणांची रचना तपासणीस खुली ठेवावी.

बंदीप्रत्यक्षीकरण या शब्दाचा अर्थ आहे, ज्याला कोंडले आहे त्याला न्यायालयासमोर आणा. १९७६ मध्ये जो कोंडला जाई त्याच्या घरच्यांना निदान दार वाजल्याचे कळत असे. आजच्या स्थानबद्धतेत दार वाजत नाही. माणूस घरी असतो, कामावर जातो, सभेला येतो. कोंडलेली असते त्याची नोंद. ती कोणाच्या ताब्यात आहे आणि कशासाठी, हे सांगण्यास सत्तेला आणि भांडवलाला भाग पाडणे, हे आजचे बंदीप्रत्यक्षीकरण होय. जबलपूरचा निकाल रद्द होण्यास एक्केचाळीस वर्षे लागली. न्यायालयाच्या पुढच्या निकालाची तितकी वाट पाहणे कामगार वर्गास परवडणार नाही. प्रत्येक शाखेने, प्रत्येक युनियनने आपल्या करारातील पुढच्या वाटाघाटीपासूनच या कामास हात घालावा.